'देव एकच' असं ग्रीकही म्हणत होते आणि ज्यूही. मग भांडण कशावरून होतं?

प्रश्न असा आहे: "एकेश्वरवाद ज्यूंनी जगाला दिला असं शाळेपासून ऐकत आलो. पण ग्रीक तत्त्वज्ञही एकच देव मानायचे असं हल्ली वाचनात आलं. मग ज्यूंचं वेगळेपण काय उरतं? आणि ग्रीकांचा हा 'एक देव' म्हणजे आपल्याकडच्या 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति'सारखाच समजायचा का?"

मी बरीच वर्षं प्राचीन भूमध्यसागरी जगाचा इतिहास शिकवतो आहे आणि ग्रीक शिलालेख वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे उत्तर देताना मी ग्रंथांपेक्षा दगडांवर जास्त भर देणार आहे. आधी थोडक्यात सांगतो. 'देव किती' या प्रश्नावर ज्यू आणि त्यांचे शेजारी यांच्यात आपण समजतो तेवढं अंतर नव्हतं. सगळ्यांच्या वर एकच कुणीतरी आहे, हे दोन्हीकडची शिकलेली माणसं मानत होती. त्याच्या खाली इतर दैवी सत्ता आहेत, मग त्यांना देव म्हणा, देवदूत म्हणा की आणखी काही, हेही दोन्हीकडे मान्य होतं. वाट फुटायची ती वेदीपाशी. बळी कुणाला द्यायचा, धूप कुणापुढे जाळायचा, नवस कुणाचा फेडायचा? ज्यू म्हणायचे, फक्त त्या एकाचा. बाकीचे म्हणायचे, त्याचा आणि त्याच्या हाताखालच्यांचाही. सगळा झगडा या एका जागेवरचा आहे आणि तो अजिबात किरकोळ नव्हता. त्यापायी माणसं मेली, एक मंदिर जळलं आणि एक युद्ध पेटलं.

आता एक दगड जवळून पाहू. काळ्या समुद्राच्या ईशान्य किनाऱ्यावर गोर्गिप्पिया नावाचं ग्रीक शहर होतं, आज तिथे रशियातलं अनापा आहे. इ.स. 41 मध्ये तिथल्या पोथोस नावाच्या गृहस्थाने आपल्या घरात लहानाची मोठी झालेली दासी, क्रिसा, हिला मुक्त केलं आणि तो करार दगडावर कोरून घेतला. करार सुरू होतो तो "सर्वोच्च, सर्वसमर्थ, स्तुत्य देवाला" या शब्दांनी. हे तिन्ही शब्द हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरात पानोपानी भेटतात. क्रिसाला नवस म्हणून 'प्रार्थनागृहात' अर्पण केलं आहे आणि प्रार्थनागृह हे ज्यूंच्या सभास्थानाचं त्या काळातलं नेहमीचं ग्रीक नाव. इथपर्यंत वाचलं की वाटतं, हा माणूस ज्यू आहे. मग शेवटची ओळ येते. पुढे कुठल्याही वारसदाराने क्रिसाला हात लावू नये, त्रास देऊ नये, आणि याला साक्षी आहेत ग्रीकांचा देवराज झ्यूस, पृथ्वी आणि सूर्य.

पोथोस कोण होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो ज्यू होता आणि शेवटची शपथ ही त्या प्रदेशातल्या दस्तऐवजांची ठरलेली कायदेशीर भाषा होती, असं काहीजण मानतात. तो ज्यूंच्या देवाकडे ओढला गेलेला ग्रीक होता, असं इतर म्हणतात. मी पहिल्या बाजूचा आहे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते. झ्यूसचं नाव करारात आहे, पण झ्यूसला काही वाहिलेलं नाही. जे वाहिलं ते प्रार्थनागृहात, त्या सर्वोच्च देवाला. नाव घेणं आणि अर्पण करणं यातला हा फरक पोथोसच्या काळच्या ज्यूंना नीट कळत होता. आपणही तो धरून चाललं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा पुरावा गोंधळात टाकतो.

ज्यूंचा एकेश्वरवाद हा पहिल्या दिवसापासून तयार होता, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद नावाची जागा आहे. तिथे 1975-76 मध्ये झालेल्या उत्खननात मोठे रांजण सापडले, काळ साधारण इ.स.पू. 800. त्यांच्यावरच्या मजकुरात "शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा" यांच्या नावाने आशीर्वाद मागितला आहे. याहवे हे ज्यूंच्या देवाचं नाव, शोमरोन ही इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी. अशेरा म्हणजे देवी की तिचं प्रतीक असलेला खांब, यावर वाद आहे, पण याहवे त्या काळी एकटा नव्हता एवढं उघड आहे. खुद्द हिब्रू बायबलातही या जुन्या कल्पनेच्या खुणा शिल्लक आहेत. स्तोत्रसंहितेतल्या 82 व्या स्तोत्रात देव इतर देवांच्या सभेत उभा राहून त्यांचा न्याय करतो. 'अनुवाद' या पुस्तकाच्या 32 व्या अध्यायात परात्पराने राष्ट्रांची वाटणी केली असं म्हटलं आहे. ही वाटणी कशाच्या प्रमाणात केली? रूढ हिब्रू पाठ म्हणतो "इस्राएलाच्या पुत्रांच्या", पण मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या जुन्या हस्तलिखितात "देवाच्या पुत्रांच्या" असं आहे. म्हणजे प्रत्येक राष्ट्राला एकेक देव आणि इस्राएल याहवेच्या वाट्याला. नंतरच्या कुणा लेखनिकाला हे खटकलं असावं.

याहून बोलका पुरावा नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावरचा, म्हणजे आजच्या अस्वानचा. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे इराणी साम्राज्याच्या चाकरीत ज्यू सैनिकांची वस्ती होती आणि त्यांचं स्वतःचं याहूचं मंदिर होतं. याहू म्हणजे याहवेच. त्यांचे पपायरसवरचे कागद वाळूत टिकून राहिले. त्यांत वर्गणीची एक यादी आहे, माणशी दोन शेकेल. शेवटी बेरीज मांडली आहे ती अशी: याहूसाठी 12 करश 6 शेकेल, एशेमबेथेलसाठी 7 करश, अनतबेथेलसाठी 12 करश. एक करश म्हणजे दहा शेकेल. म्हणजे अनतबेथेल या देवीला याहूपेक्षा जेमतेम सहा शेकेल कमी! आणि ही माणसं स्वतःला धर्म सोडलेले समजत नव्हती. इ.स.पू. 410 मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून त्यांचं मंदिर पाडलं, तेव्हा त्यांनी मदतीसाठी जेरुसलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग तीन वर्षांनी त्यांनी यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमच्या प्रांताच्या, सुभेदाराकडे अर्ज केला आणि जेरुसलेमने पत्राची दखल घेतली नाही ही तक्रारही त्यात नोंदवली. आपण ज्यांच्याकडे आपले म्हणून पाहतो आहोत ते आपल्याला आपलं मानतात का, ही शंका त्या अर्जात जागोजागी जाणवते. मला हा कागद दरवेळी अस्वस्थ करतो.

जेरुसलेमचं वळण तोवर बदललेलं होतं. बदलाची सुरुवात यहूदाचा राजा योशीया याच्या धर्मसुधारणांपासून, इ.स.पू. 622 च्या सुमाराला. पण खरा उंबरठा ओलांडला गेला तो बाबिलोनच्या बंदिवासात. इ.स.पू. 586 मध्ये मंदिर पडलं, लोक बाबिलोनला नेले गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे याचा सरळ अर्थ हाच, की बाबिलोनचा देव मर्दुक जिंकला आणि याहवे हरला. यशयाच्या पुस्तकाचा 40 व्या अध्यायापासूनचा भाग ज्या अनाम संदेष्ट्याने लिहिला, त्याने हा अर्थ उलटा फिरवला. हरला कोण, जिंकला कोण हा सवालच नाही, कारण दुसरा कुणी नाहीच. "मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही, प्रकाश घडवणारा आणि अंधार उत्पन्न करणारा मीच." असं निःसंदिग्ध विधान त्याआधी शोधून सापडत नाही. पराभवाच्या तळातून ते आलं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्याच वेळी त्याच घटनेवर दुसरं एक विधान मातीत कोरलं जात होतं. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतलं. 1879 मध्ये सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या सायरसच्या दंडगोलावर लिहिलं आहे, की मर्दुकाने सगळ्या देशांत न्यायी राजाचा शोध घेतला आणि सायरसला नावाने हाक मारली. यशयाच्या 45 व्या अध्यायात याहवे सायरसला आपला अभिषिक्त म्हणतो आणि सांगतो: "मी तुला नावाने हाक मारली आहे, जरी तू मला ओळखत नाहीस." राजा एकच, विजय एकच, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. बाबिलोनच्या पुजाऱ्यांना मर्दुक सर्वश्रेष्ठ म्हणताना इतर देव नाकारावे लागले नाहीत. यशयाच्या त्या संदेष्ट्याला नाकारावे लागले.

आता ग्रीकांकडे. तत्त्वज्ञांची यादी लांबवण्यात अर्थ नाही, पण एकाला वगळता येत नाही. कोलोफोनचा झेनोफानीस, इ.स.पू. सहावं शतक. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपापल्यासारखेच देव रंगवले असते, हे त्याचं वचन प्रसिद्ध आहे. त्याचंच दुसरं वचन: "एक देव, देवांत आणि माणसांत सर्वात थोर, देहाने वा मनाने मर्त्यांसारखा मुळीच नाही." एका दमात 'एक देव' आणि 'देवांत'. आपल्याला इथे विसंगती दिसते, त्याला दिसली नाही, आणि पुढची आठशे वर्षं ग्रीक विचार त्याच वळणाने चालला. अॅरिस्टॉटलने स्वतः न हलता सर्वांना हलवणारा एक आदिचालक मांडला आणि शेवटी होमरची ओळ दिली, "अनेकांचं राज्य बरं नव्हे, राजा एकच असावा". पण त्याच पुस्तकात ग्रहगोलांना फिरवायला 55 किंवा 47 चालक लागतील असा हिशेबही केला. इ.स. दुसऱ्या शतकात टायरचा मॅक्सिमस सांगतो की माणसं सगळ्या बाबतीत भांडतात, पण एका गोष्टीवर साऱ्या पृथ्वीचं एकमत आहे: देव एक, सर्वांचा राजा आणि पिता, आणि देव अनेक, त्याची मुलं, त्याच्याबरोबर राज्य करणारी.

तत्त्वज्ञांचं ठीक, पण साधी माणसं? यासाठी दुसरा दगड. नैर्ऋत्य तुर्कस्तानच्या डोंगरात ओइनोआंदा नावाच्या शहराचे अवशेष आहेत. तिथल्या तटबंदीच्या एका दगडावर वेदीचा आकार कोरून त्यावर सहा ओळी लिहिल्या आहेत. त्या शहरातल्या लोकांनी क्लारोसच्या अपोलो देवाला कौल लावला होता की देवाचं स्वरूप काय. अपोलोने दिलेलं उत्तर असं:

"स्वयंभू, कुणी न शिकवलेला, आई नसलेला, अढळ, एका नावात न मावणारा, अनेक नावांचा, अग्नीत राहणारा: हा देव. आम्ही देवाचा एक लहानसा अंश, त्याचे दूत." त्यानंतर सूचना येते, की सर्वसाक्षी आकाश हाच देव, त्याच्याकडे पाहत पहाटे पूर्वेला तोंड करून प्रार्थना करा.

इथे बोलणारा अपोलो आहे हे विसरू नका. ग्रीक जगातल्या सर्वात मानाच्या देवांपैकी एक स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, की मी तो नव्हे, मी त्याचा दूत. ज्या जागी हा दगड बसवला आहे तिथे पहाटेची पहिली किरणं पडतात, हे तिथे जाऊन पाहणाऱ्यांनी नोंदवलं आहे. आणि जवळच दुसरा छोटा लेख आहे: क्रोमातिस नावाच्या बाईने सर्वोच्च देवाला नवस फेडून दिवा वाहिला. एवढंच. तिने प्लेटो वाचला होता की नाही ठाऊक नाही, पण नवस पावला आणि तिने दिवा लावला. (क्लारोस हे कोलोफोनच्याच हद्दीतलं देवस्थान. झेनोफानीसच्या गावच्या देवाने सात-आठशे वर्षांनी जवळपास त्याचीच भाषा बोलावी, हे मला फार सुंदर वाटतं.)

'सर्वोच्च देव' या नावाचे लेख पूर्व भूमध्यसागरभर सापडतात. स्टीफन मिचेल या इतिहासकाराने 1999 मध्ये जवळपास तीनशे लेख गोळा केले, नंतर त्यांत आणखी भर पडली. काही ज्यूंचे, काही निःसंशय ग्रीकांचे, आणि बरेचसे असे की सांगता येत नाही. कारण ज्यूंनी आपल्या देवाच्या 'एल्योन' या हिब्रू बिरुदाला ग्रीकमध्ये तोच शब्द वापरला, जो ग्रीक लोक झ्यूसला लावायचे. हे सगळे लेख एकाच पंथाचे होते असं मिचेल यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, नाव सारखं असलं म्हणून देवस्थान सारखं ठरत नाही. पण ज्यू आणि ग्रीक एकमेकांना समजेल अशा भाषेत देवाबद्दल बोलू शकत होते, हे त्यातून नक्की सिद्ध होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. त्या काळी "एकच झ्यूस सेरापिस!" अशा आरोळ्या द्यायची पद्धत होती, रत्नांवर आणि ताइतांवरही हे शब्द कोरलेले सापडतात. (सेरापिस हा झ्यूसशी एकरूप मानलेला इजिप्तमधला देव.) याचा अर्थ बाकीचे देव खोटे, असा कुणी घेऊ नये. 'याच्या तोडीचा दुसरा नाही' एवढाच त्याचा आशय. 'तूच माझा एक आधार' असं म्हणणारा माणूस बाकीचे आधार नाकारतोच असं नाही, भर त्याच्या आर्ततेवर असतो.

दोन्ही बाजू भेटल्या तेव्हा काय झालं? पुष्कळदा काही बिनसलं नाही. इजिप्तच्या पूर्व वाळवंटात एल-कनाइस इथे मूळ पहिल्या सेती राजाचं देऊळ आहे, ग्रीकांच्या काळात ते पॅन या देवाचं झालं. तांबड्या समुद्राकडे जाणारे-येणारे तिथे थांबत आणि सुखरूप आलो म्हणून भिंतीवर देवाचे आभार कोरत. त्यांत दोघं ज्यू आहेत. एकाने लिहिलं, "देवाची स्तुती असो. डोरिऑनचा मुलगा थिओडोटोस, ज्यू, समुद्रातून वाचलेला." दुसरा, डायोनिसिओसचा मुलगा टॉलेमी, "देवाची स्तुती करतो, ज्यू". पॅनच्या देवळात उभं राहून दोघांनीही पॅनचं नाव टाळलं आणि 'देव' एवढंच लिहिलं. शेजारच्या ग्रीकाला वाटलं असेल, हे पॅनलाच म्हणताहेत. त्यांना ठाऊक होतं ते कुणाला म्हणताहेत.

विचारवंतांतही असंच. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हॅरो म्हणे की ज्यूंचा देव म्हणजे जुपिटरच, नावाने काय फरक पडतो? जुने रोमन 170 वर्षं मूर्तीशिवाय पूजा करत होते आणि तेच शुद्ध होतं, हेही त्याचंच मत, आणि दाखल्याला त्याने ज्यूंचं उदाहरण दिलं. अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी लिहिलेल्या 'अरिस्टियासच्या पत्रा'त एक ग्रीक दरबारी राजाला सांगतो, की हे ज्यू ज्याची उपासना करतात तो सर्वांचा निर्माता, आपणही त्यालाच भजतो, फक्त आपण त्याला झ्यूस म्हणतो. हे वाक्य ज्यू लेखकाने ग्रीक पात्राच्या तोंडी घातलं आहे, हे लक्षात ठेवावं. स्वतःच्या तोंडी नाही. ग्रीकाने असं म्हटलेलं ज्यूला आवडत होतं, पण उलट दिशेने तो ते म्हणायला तयार नव्हता.

का, ते एका उपमेत सापडतं, जी दोन्ही बाजूंनी वापरली. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो, इ.स. पहिलं शतक, सूर्य-चंद्र-ताऱ्यांची पूजा करणाऱ्यांबद्दल लिहितो: शहेनशहाचा मान त्याच्या सुभेदारांना देणारा माणूस मूर्खही आणि उद्धटही. ग्रह-तारे चेतन, दैवी आहेत हे फिलो नाकारत नाही. ते सुभेदार आहेत, मुजरा त्यांना नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सुमारे दीडशे वर्षांनी सेल्सस नावाचा ग्रीक लेखक ख्रिश्चनांवर टीका करताना तेच शहेनशहा आणि तेच सुभेदार पुढे आणतो: सुभेदाराचा अपमान केलात तर तो तुमचं किती वाटोळं करू शकतो, मग पृथ्वी-आकाशातले देवाचे सुभेदार गप्प बसतील का? त्यांचा मान ठेवा, त्यात राजाचाच मान आहे. हाच सेल्सस असंही म्हणतो, की परात्पराला झ्यूस म्हणा, ज्यूंसारखं अदोनाय वा सबाओथ म्हणा, इजिप्शियनांसारखं आमून म्हणा किंवा शकांसारखं पापाइओस म्हणा, काही फरक पडत नाही. विश्वाची रचना दोघांची तंतोतंत एक. निष्कर्ष पूर्ण उलटे. एकेश्वरवादाबद्दल मला शिकवायला एकच तास मिळाला तर मी हे दोन उतारे शेजारी ठेवीन.

आणि ही शब्दांची चकमक नव्हती. जेरुसलेमच्या मंदिरात रोज दोनदा रोमन सम्राटासाठी आणि रोमन लोकांसाठी बळी दिला जाई. सम्राटासाठी, सम्राटाला नव्हे. ऑगस्टसला ते चाललं. कॅलिगुलाला चाललं नाही. इ.स. 40 च्या सुमाराला फिलो स्वतः शिष्टमंडळ घेऊन रोमला गेला आणि ज्यूंनी सांगितलं, आम्ही आपल्यासाठी बळी दिले आहेत. कॅलिगुलाचं उत्तर फिलोने लिहून ठेवलं आहे: दिलेत खरे, माझ्यासाठी असेल, पण दुसऱ्याला दिलेत. मला तर दिले नाहीत, मग उपयोग काय? अख्ख्या प्राचीन साहित्यात या वादाचं मर्म इतक्या नेमकेपणाने कुणी मांडलेलं नाही. त्याने जेरुसलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम काढला. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस चालढकल करत राहिला आणि 41 च्या जानेवारीत कॅलिगुला मारला गेला म्हणून ते टळलं. गोर्गिप्पियाला पोथोसने क्रिसाला मुक्त केलं ते याच वर्षी. पुढे इ.स. 66 मध्ये मंदिराच्या तरुण याजकांनी परक्यांचे बळी घ्यायचेच नाहीत असं ठरवलं आणि सम्राटासाठीचा रोजचा बळी बंद पडला. रोमविरुद्धच्या युद्धाचा पाया इथे घातला गेला, असं त्याच काळातला ज्यू इतिहासकार योसेफस याने लिहिलं आहे. चार वर्षांनी मंदिर जळालं.

याच योसेफसने, रोममध्ये आयुष्याची अखेरची वर्षं काढताना, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं आहे. पायथागोरस, अनॅक्सागोरस, प्लेटो, स्टोइक, हे सगळे देवाच्या स्वरूपाबद्दल आपल्यासारखंच मानतात, असं तो मोकळेपणाने कबूल करतो. मग म्हणतो, त्यांनी ते मोजक्यांना सांगितलं, लोकांपुढे मांडायचं धाडस केलं नाही. आमच्या शास्त्रकर्त्याने, मोशेने, ते बायका-पोरांसकट सबंध समाजाच्या रोजच्या जगण्यात उतरवलं. योसेफस वकिली करतो आहे हे खरं, आणि ओइनोआंदाची क्रोमातिस पाहिली की 'मोजक्यांना' हा शब्द थोडा अन्यायाचाही वाटतो. पण मुद्दा त्याने अचूक पकडला आहे. ग्रीकांचा एक देव पटला तरी माणसाचं सोमवार ते रविवार काही बदलत नव्हतं. गावची जत्रा तीच, बळी तेच, पंगत तीच. ज्यूंचा देव पटला की पंगत बदलायची.

आता 'एकं सत्'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164 व्या सूक्ताची ही ऋचा इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही नावं घेऊन म्हणते की जे एक आहे त्याला जाणते अनेक प्रकारे बोलतात. सेल्सस, व्हॅरो, ओइनोआंदाचा कौल यांच्याशी तिचं साम्य खरं आहे. 'अनेक नावांचा' हे विशेषण दोन्हीकडे शोभतं. तुलना करायला हरकत नाही, फक्त एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणायला पुरावा नाही. आणि ज्यूंच्या एकेश्वरवादाशी ती ऋचा जोडायची घाई मात्र करू नये. तिथे नावं अदलाबदल करता येत नाहीत.

ते समजून घ्यायला मराठी माणसाला अलेक्झांड्रियापर्यंत जायची गरज नाही, रायगड जिल्हा पुरतो. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ गेले, हिब्रू विसरली, राहिली ती फक्त 'शमा' ही प्रार्थना: "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच." कोकणात ते तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर; बोली मराठी; एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा. शेजाऱ्यांकडून त्यांनी खूप काही घेतलं. देवाच्या स्वरूपावर त्यांनी शतकानुशतकं एकही ग्रंथ लिहिला नाही. पण शनिवार, सुंता, खवल्यांचेच मासे आणि दुसऱ्या देवाला नैवेद्य नाही, एवढ्यावर ते ज्यू राहिले. योसेफस जे म्हणत होता ते हेच.

आखेनातेनबद्दलही अनेकजण विचारतात म्हणून दोन ओळी. इ.स.पू. चौदाव्या शतकात इजिप्तच्या या राजाने आतेन या सूर्यबिंबालाच मानलं आणि आमून देवाची नावं छिन्नीने खोडून काढली. त्याचा प्रयोग त्याच्याबरोबर संपला. तिथून धागा मोशेपर्यंत नेणाऱ्या कल्पना वाचायला रंजक आहेत, पण त्यांना आधार नाही.

राहता राहिला प्रश्न: ग्रीक-रोमनांचा तो एक देव पुढे गेला कुठे? इ.स. 390 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या मदाउराचा मॅक्सिमस नावाचा म्हातारा व्याकरणपंडित ख्रिश्चन धर्मवेत्ता ऑगस्टीनला पत्र लिहितो. देव एकच, अनादी, हे कोण वेडा नाकारेल, असं तो विचारतो. जगभर पसरलेल्या त्याच्या शक्तींना आम्ही अनेक नावांनी हाक मारतो, कारण त्याचं खरं नाव आम्हाला ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने ख्रिश्चनांशी भांडायला कारणच नव्हतं. पण ख्रिश्चन सम्राट थिओडोसियसचा नोव्हेंबर 392 चा कायदा पाहा. त्यात घरातल्या देवांपुढे आग पेटवणं, मद्य ओतणं, धूप जाळणं, दिवे लावणं, हार टांगणं याला बंदी आहे. जिथे धूप जळाला ते घर किंवा जमीन जप्त, आणि सार्वजनिक देवळात बळी देऊ पाहणाऱ्याला 25 पौंड सोन्याचा दंड. परात्पर एक आहे की अनेक, याची चौकशी त्या कायद्यात कुठेही नाही.